गारठ्यात सकाळी कॉम्प्युटर सुरू होत नसेल तर

जावळी तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रावरचा कॉम्प्युटर डिसेंबर लागला की त्रास द्यायला लागायचा. पहाटे सहाला किटल्या घेऊन माणसं रांगेत उभी, आणि इकडे बटण दाबलं की पंखा अर्धा वेढा फिरून थांबायचा. आठ-दहा वेळा दाबल्यावर कसाबसा चालू व्हायचा, मग दिवसभर तक्रार नाही. दुपारी दुरुस्तीला नेला तर पहिल्याच दाबाला सुरू! "मशीन ठीक आहे" म्हणून तो दोनदा तसाच परत आला होता.

मेढा, पाचगणी, महाबळेश्वर या पट्ट्यात दर हिवाळ्यात ही तक्रार कानावर येते. एखादा भाग आधीच थकलेला असतो आणि थंडी ते उघडं पाडते. बहुतेक वेळा तो भाग म्हणजे एसएमपीएस, भिंतीतली वीज कॉम्प्युटरला लागेल तशी करून देणारा डबा. त्यातल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या भागांमध्ये, ओलसर रसायन असतं. वर्षानुवर्षं गरम होऊन ते सुकत जातं, आणि उरलंसुरलं गारठ्यात नीट काम देत नाही. मग व्होल्टेज स्थिर राहत नाही, मदरबोर्डला (सगळे भाग जोडलेल्या मुख्य बोर्डाला) 'पॉवर गुड'चा, म्हणजे वीज ठीक असल्याचा, इशारा मिळत नाही आणि तो जागचा हलत नाही. थोडा वेळ करंट मिळून आतला भाग कोमट झाला की तेच मशीन निमूट चालतं.

एक काम सगळ्यात आधी करा. आज मशीन चालू झालंय ना? मग हिशेब, फोटो, जे काही असेल ते लगेच पेनड्राइव्हवर घ्या. असा कॉम्प्युटर उद्या सुरू होईलच याची खात्री नसते.

आता तपासणी. ती पहाटेच करायची, मशीन रात्रभर गार पडलेलं असताना.

बटण दाबल्यावर काय होतं ते कागदावर लिहा. पंखा झटका देऊन थांबला किंवा काहीच हललं नाही, तर संशय एसएमपीएसवर. पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी, तर रॅम (मेमरी) बघा: भिंतीतून वायर काढून रॅमची पट्टी बाहेर घ्या, सोनेरी टोकं खोडरबरने हलकेच पुसा, परत घट्ट बसवा. तारीख-वेळ मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सीआर 2032 सेल बदला. तो 3 व्होल्टचा असतो आणि स्वस्त मिळतो.

संशय एसएमपीएसवर असेल तर एका रात्री भिंतीवरचं बटण चालूच ठेवा. कॉम्प्युटर बंद असला तरी एसएमपीएसचा स्टॅण्डबाय भाग त्यावर जागा राहतो आणि थोडा कोमटही राहतो. सकाळी मशीन पहिल्या झटक्यात उठलं, आणि बटण बंद ठेवलेल्या रात्रीनंतर अडलं, तर स्टॅण्डबायचे कपॅसिटर गेलेत असं समजा.

खात्रीसाठी हेअर ड्रायर. वायर भिंतीतून काढा. ड्रायर कमी उष्णतेवर ठेवून वीतभर अंतरावरून फक्त एसएमपीएसच्या जाळीतून दोन-तीन मिनिटं ऊब द्या, मग वायर लावून बटण दाबा. सुरू झाला तर चोर सापडला. नाही झाला, तर दुसऱ्या पहाटे तीच ऊब फक्त मदरबोर्डला देऊन बघा. दोन्ही एकाच दिवशी केलंत तर काहीच कळणार नाही.

मल्टिमीटर असेल तर एसएमपीएसमधून मदरबोर्डला जाणाऱ्या 24 पिनांच्या जोडणीतल्या जांभळ्या आणि काळ्या वायरमधलं व्होल्टेज मोजा. ते 4.75 ते 5.25 च्या मध्ये हवं. दुधाच्या केंद्रावर पहाटे ते 4.3 दिसलं, आणि तिथेच उत्तर मिळालं. मात्र आकडा बरोबर आला म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही, कारण कपॅसिटर खराब झाल्याने व्होल्टेजमध्ये येणारी थरथर साध्या मीटरला दिसत नाही. शक्य असेल तर ओळखीच्याचा चालू एसएमपीएस एका पहाटेपुरता लावून बघा. यापेक्षा पक्की परीक्षा नाही.

मदरबोर्डवर प्रोसेसरच्या आसपासचे कपॅसिटर बॅटरीच्या उजेडात तिरपे बघा. माथा सपाट हवा. कुठे फुगवटा किंवा तपकिरी खपली दिसली, तर ते बदलून देणारा हात असलेला कारागीर शोधा. साताऱ्यात असे लोक अजून आहेत, आणि जुन्या बोर्डाला ते जीवदान देतात.

एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे 325 व्होल्ट साठलेले असतात आणि वायर काढल्यावरही काही वेळ टिकतात. नवा घेताना नुसत्या वॅटच्या आकड्यावर जाऊ नका, लेबलवर 12 व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत ते जुन्याशी ताडून बघा.

नवा बसवल्यावर दुकानात दुपारी चालला म्हणून पैसे देऊन मोकळे होऊ नका. भिंतीवरचं बटण रात्रभर बंद ठेवा आणि पहाटे, चहा टाकायच्याही आधी, एकदा दाबून बघा.