आडनाव नसलेला हजेरीपट

हजेरीपटावरचं तिसरं नाव आडनाव समजून मी हाक मारली आणि भरलेल्या वर्गात एकही हात वर झाला नाही. इथिओपियातल्या जिम्मा शहरात शिकवायला गेलो, तो पहिला दिवस. तिथे आडनाव नसतंच. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आजोबांचं. प्राध्यापकालाही त्याच्या पहिल्याच नावानं ‘डॉक्टर अमुक’ म्हणतात. आडनावावरून माणूस ‘कुठला, कोणातला’ हे ताडायची आपली जुनी सवय तिथे जाण्याआधीच मोडा.

या देशात ऐंशीहून जास्त समाज आहेत. १९९५च्या राज्यघटनेनं राज्यंही मुख्यतः या ओळखींवर आखली. त्यात २०२० ते २०२२ उत्तरेकडच्या तिग्राई राज्यात युद्ध झालं. सरकार विद्यार्थ्यांना देशभरातल्या विद्यापीठांत पाठवतं, म्हणून तिग्राई, अम्हारा, ओरोमो, सोमाली मुलं एकाच बाकावर असतात. कोणाच्या घरी काय घडलंय, आपल्याला ठाऊक नसतं. ‘तू कुठल्या समाजाचा?’ हे विचारू नका. मी विचारलं होतं, आणि त्या मुलाचा उतरलेला चेहरा अजून आठवतो.

जायच्या आधी मी अम्हारिक, म्हणजे केंद्र सरकारच्या कामकाजाची भाषा शिकलो. लिपी मराठी माणसाला जड जात नाही. बाराखडीसारखीच, प्रत्येक व्यंजनाची सात रूपं. पण जिम्मा ओरोमिया या ओरोमो लोकांच्या राज्यात आहे. बाजारात अम्हारिकनं काम भागलं, ओरोमोत ‘अक्कम’ (कसं काय) म्हटल्यावर मात्र भाजीवाली हसली आणि बोलायला लागली. ओरोमो भाषा रोमन लिपीत लिहितात, पण पाट्या इंग्रजीसारख्या वाचू नका: त्यातला एक्स म्हणजे घशातून झटका देऊन म्हटलेला ‘त’.

वेळेचं आधीच समजून घ्या. दिवस सकाळी सहाला सुरू होतो, म्हणून ‘तीन वाजता’ म्हणजे आपले सकाळचे नऊ. वर्षाला तेरा महिने, आणि सन आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे. पत्रावरची तारीख कुठल्या पंचांगाची, ते विचारूनच घ्या. १९९३मध्ये एरिट्रिया वेगळा झाला आणि देशाचा समुद्र गेला. परदेशी माल बहुतेक जिबूतीच्या बंदरातून येतो. म्हणून प्रयोगशाळेच्या सामानाची मागणी सत्राच्या खूप आधी नोंदवा.

शाकाहाऱ्यांनी घाबरू नये. शिरो म्हणजे जवळपास आपलं पिठलं, इंजेरा म्हणजे ताटाएवढी आंबूस आंबोळी. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन बुधवारी-शुक्रवारी मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात. त्यांच्या खानावळीत ‘यत्सोम’, म्हणजे उपवासाचं, मागा.

माणसं कळतात ती मात्र बुन्नाला, म्हणजे कॉफीला बसल्यावर. हिरव्या बिया आपल्यासमोर भाजतात, कुटतात, जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळतात. फेऱ्या तीन: अबोल, तोना, बरका. पहिलीनंतर उठणं बरं दिसत नाही. माझी घरमालकीण ओरोमो मुसलमान, शेजारीण दावरो या दुसऱ्या समाजाची. पहिल्या फेरीला गप्पा बाजारभावांच्या, पावसाच्या. बरकाच्या वेळी शेजारणीनं गावाकडच्या एन्सेटबद्दल सांगितलं. दिसायला केळ, पण फळ खात नाहीत; बुंध्याचा गर आंबवून भाकरी करतात. तिच्या आईनं लावलेली झाडं आता तिचा भाऊ सांभाळतो. मी काहीच विचारलं नव्हतं. घरमालकिणीनं निखाऱ्यावर ऊद टाकला आणि माझा सिनी, म्हणजे कॉफीचा छोटा कप, परत भरला.