टूरिंग कार: आधी पीळ काढा, मग स्प्रिंगा विकत घ्या

एकास दहा मापाची आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी, टूरिंग कार जोडून झाली आहे आणि बॅटरी चार्ज आहे, असं धरून चालतो. मोटर 21.5 टर्नची (टर्न म्हणजे आतल्या तारेचे वेढे) ब्रशलेस किंवा साधी ब्रश्ड, 540 मापाची. याहून जोरदार घे म्हणणाऱ्याला तुमच्या मोडलेल्या सस्पेन्शन आर्मचं बिल पाठवा.

सोपी कामं भरभर. पिनियन (मोटरवरचं छोटं गिअर) आणि स्पर (त्याला लागणारं मोठं) गिअरच्या मध्ये वर्तमानपत्राची पट्टी धरून मोटर आवळा, मग पट्टी ओढून काढा. चासीची जमिनीपासूनची उंची कार्पेटवर 5.5 मिलिमीटर, नवी मुंबईत महापे-तुर्भ्याकडे रविवारी रिकाम्या असलेल्या पार्किंगच्या डांबरावर 6 ते 7. कॅम्बर (चाकाचा वरून आत झुकलेला कल) चारही चाकांना उणे दीड ते दोन अंश. मागचा टो-इन (चाकांची पुढची टोकं आत वळलेली असणं) किटमध्ये आहे तोच राहू द्या. पेव्हर ब्लॉकवर चाचणी घेऊ नका, तिथे स्टिअरिंग तुमच्या हातात नसून फटींच्या हातात असतं.

आता पीळ, म्हणजे चासी मुरगळल्याने किंवा शॉक-स्प्रिंगा कमीजास्त असल्याने डाव्या-उजव्या चाकांवर वजन असमान पडणं. गॅस दिला की गाडी एका बाजूला ओढते आणि ब्रेक मारला की दुसऱ्या? डावीकडे झकास वळते, उजवीकडे वळताना ढुंगण फिरवते? तर रिमोटवरच्या ट्रिमला, म्हणजे स्टिअरिंगचा मध्य सरकवणाऱ्या बटणाला, हात लावू नका. मी दोन महिने ट्रिम फिरवत बसलो होतो. सल्ले तर ढीगभर: मऊ स्प्रिंग टाक, टायर बदल, डिफचं (डिफरन्शियलचं) तेल बदल. सगळं केलं, पैसे गेले. शेवटी एका रात्री गाडी टीपॉयच्या काचेवर ठेवली, तेव्हा दिसलं की मागचा एक शॉक जोडीदारापेक्षा एक मिलिमीटर लांब होता. त्याचा खालचा बॉल-एंड (शॉकच्या दांड्यावर आट्याने बसणारं टोक) दोन आटे कमी फिरवला होता, माझ्याच हातांनी.

म्हणून क्रम असा. काच नसेल तर ओट्याचा ग्रॅनाइट चालतो, लाकडी टेबल चालत नाही. चाकं आणि शॉक काढून चासी काचेवर ठेवा आणि एकेक कोपरा बोटाने दाबा. डुगडुगली तर वरच्या डेकचे (चासीवरच्या दुसऱ्या पट्टीचे) स्क्रू सैल करा, चासी काचेवर दाबून धरा आणि स्क्रू तिरक्या जोड्यांनी पुन्हा आवळा. प्लॅस्टिकच्या चासीत दात-ओठ खाऊन आवळलेला एक स्क्रूही पीळ घालतो. मग काढलेले चारही शॉक जोडीजोडीने शेजारी धरा, लांबी तंतोतंत सारखी हवी. दोन्ही बाजूंचा ड्रूपही (गाडी उचलल्यावर चाक किती खाली लोंबतं ते) सारखा करा. बॅटरी एका बाजूला आणि मोटर दुसऱ्या बाजूला असते, तेव्हा हलक्या बाजूला शिशाचे तुकडे चिकटवा.

आता चाकं, शॉक, बॅटरी लावा. अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या आर्मना जोडणारी आडवी तार) मात्र सुटेच ठेवा. पुढच्या टोकाला, बरोबर मधल्या रेषेखाली, स्क्रूड्रायव्हरचं टोक घालून गाडी अगदी सावकाश उचला. पुढची दोन्ही चाकं एकाच क्षणी सुटली पाहिजेत. डावं आधी सुटलं तर दोष मागच्या डाव्या स्प्रिंगचा. इथेच बहुतेक जण चुकतात आणि पुढचीच कॉलर (शॉकवरची स्प्रिंग दाबणारी रिंग) पिळत बसतात. मागची डावी कॉलर पाव आटा सैल करा, मागची उजवी पाव आटा घट्ट करा; म्हणजे उंची बिघडत नाही. पुन्हा उचला. मग तेच मागच्या टोकाला करा, तिथला दोष पुढच्या स्प्रिंगा सांभाळतात. सगळं जुळल्यावर बार जोडा. बार जोडताच पीळ परत आला तर बारची एक लिंक दुसरीपेक्षा लांब आहे.

हे पहिल्यांदा करायला मला दीड तास लागला, आता दहा मिनिटं लागतात. कठड्याला जोरात धडकलात तर पुढच्या फेरीआधी निदान उचलून बघण्याची पायरी करा. सपाट काचेचा तुकडा मी गाडीच्या पिशवीतच ठेवतो, जुन्या चादरीत गुंडाळून.

ट्रिम आता लावा. हात सोडून गाडी वीस मीटर सरळ गेली की पुरे.

जूनमध्ये गाडी माळ्यावर टाकण्याआधी लायपो बॅटरीचा प्रत्येक सेल 3.8 व्होल्टवर आणा आणि बेअरिंगना तेलाचा थेंब द्या. खाडीकाठची हवा आहे, ऑक्टोबरात चाकं करकरतात.