भुसावळहून सिंफनीला निघताना

आमच्या कट्ट्यावरचे सहा जण मुंबईला, नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रा ऐकायला निघालो आहोत. ऑर्केस्ट्रा म्हटलं की इकडे लग्नातला, किशोर-रफीची गाणी म्हणणारा ऑर्केस्ट्रा डोळ्यांसमोर येतो. आबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "गाणारा कोण?" कुणीच नाही, म्हटलं. सत्तर-ऐंशी वादक, एक पियानो, बस. "मग बापा, तयारी करून जावं लागेल," ते म्हणाले. ती तयारी इथे लिहून ठेवतो, आमच्यासाठीच नाही, पुढे जाणाऱ्यांसाठीही.

आधी कार्यक्रमाचं तिकीट काढा, मग रेल्वेचं. उलट केलंत तर गाडीचा बर्थ हातात आणि खुर्ची नाही, असं होतं. खुर्ची निवडताना शक्यतो प्रेक्षागृहाच्या डाव्या बाजूची घ्या. पियानोवादक आपली उजवी बाजू प्रेक्षकांकडे करून बसतो, त्यामुळे त्याची बोटं डावीकडच्यांनाच दिसतात. उजवीकडच्यांना फक्त चेहरा आणि पियानोचं झाकण. अगदी पुढची रांग मात्र नको, तिथून व्हायोलिनवाल्यांच्या बुटांपलीकडे फार काही दिसत नाही.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. जायला रात्रीची गाडी, सकाळी सीएसएमटी. परतीचं तिकीट जपून. कार्यक्रम सातला सुरू होऊन नऊ-साडेनऊला सुटतो, तोवर आपल्याकडच्या संध्याकाळच्या गाड्या कल्याण ओलांडून गेलेल्या असतात. मध्यरात्रीनंतर सुटणारी गाडी घ्यायची असेल तर तारीख दुसऱ्या दिवसाची टाका. मागे एकदा मी कार्यक्रमाच्याच तारखेचं तिकीट काढलं आणि फलाटावर कळलं की आपली गाडी कालच गेली. रात्र बाकावर काढली. रेल्वेच्या गावात वाढलेल्या माणसाने हे करावं, म्हणून घरात अजून बोलणी खातो.

आता कानाची तयारी. वेळ खरा इथे द्यायचा. पहिल्या अर्ध्यात अमेरिकन संगीतकार गर्श्विनची 'रॅप्सडी इन ब्लू' आणि फ्रेंच रावेलचा जी मेजर पियानो कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो पुढे आणि ऑर्केस्ट्रा जोडीला. मध्यंतरानंतर चेक संगीतकार द्वोर्झाकची नववी सिंफनी, 'न्यू वर्ल्ड', म्हणजे अख्ख्या ऑर्केस्ट्राची मोठी रचना. जाण्याआधी आठवडाभर रोज एक तुकडा हेडफोन लावून ऐका. सगळं एका रात्रीत ऐकू नका, डोक्यात नुसती खिचडी होते.

'रॅप्सडी' सोळा-सतरा मिनिटांची. सुरुवातीला क्लॅरिनेट एकटीच खालून वर घसरत जाते, अगदी सनईवाल्याच्या मींडेसारखी. गर्श्विनने तिथे सुटे सुटे स्वर लिहिले होते. तालमीत वादकाने गंमत म्हणून ते घसरवले आणि गर्श्विन म्हणाला, असंच ठेव. 12 फेब्रुवारी 1924 ला न्यूयॉर्कच्या एओलियन हॉलमध्ये ही पहिल्यांदा वाजली तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. हातात जेमतेम पाच आठवडे होते, म्हणून वाद्यमेळाची मांडणी फर्डी ग्रोफेने केली, तीही पॉल व्हाइटमनच्या जॅझ बँडसाठी. मोठ्या सिंफनी ऑर्केस्ट्राची मांडणी 1942 ची, आज बहुतेक तीच वाजते. पियानोचा काही भाग तेव्हा कागदावर उतरलाच नव्हता. गर्श्विन मनाने वाजवायचा आणि त्याने मान हलवली की बँड उचलायचा. आपल्याकडे तबलजी गवयाकडे बघत समेची वाट पाहतो, तसंच की! आणि भुसावळकरांसाठी खास गोष्ट म्हणजे या रचनेचा आराखडा आपल्याला बोस्टनच्या गाडीत, चाकांच्या खडखडाटात सुचला, असं गर्श्विननेच पुढे सांगितलं होतं. सांधे बदलणाऱ्या गाडीचा ठेका आपण लहानपणापासून उशाशी घेऊन झोपलोय. तो कुठे सापडतो ते शोधा.

रावेलचा कॉन्चेर्टो चाबकाच्या फटक्याने सुरू होतो. खरा चाबूक नसतो, लाकडाच्या दोन पट्ट्या एकमेकींवर आपटतात. दचकू नका. मधल्या संथ भागात सुरुवातीची तीनेक मिनिटं पियानो एकटाच असतो, डावा हात एकच चाल धरून बसतो आणि उजवा त्याच्यावर निवांत फिरतो. पुढे तीच धून कोर आंग्ले वाजवतं. या वाद्याला इंग्लिश हॉर्न म्हणतात, पण ते इंग्लिशही नाही आणि हॉर्नही नाही. ओबो नावाच्या फुंकवाद्याचा थोरला भाऊ आहे, पत्तीवर वाजणारा, म्हणजे सनईचा लांबचा भाऊबंद. हा आवाज कानात ठेवा, कारण द्वोर्झाकच्या दुसऱ्या भागात मुख्य धून तेच वाद्य वाजवतं. द्वोर्झाक रेल्वे इंजिनांचा नादिष्ट होता, हे कळल्यापासून आबांना तो घरचाच वाटतो. अमेरिकेचं संगीत तिथल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांतून उभं राहील, असं त्याने 1893 मध्येच म्हटलं होतं. म्हणून जॅझच्या शेजारी त्याची सिंफनी शोभते. चौथ्या भागात झांज फक्त एकदाच वाजते, तीही हळू. झांजवाल्यावर नजर ठेवून बसा, चहाची पैज लावायला बरं पडतं.

टाळीचं शिका. बालगंधर्व महोत्सवात जळगावला आपण समेवर वाहवा करतो, इथे ते चालत नाही. 'रॅप्सडी' एकसलग आहे, कॉन्चेर्टोचे तीन भाग आणि सिंफनीचे चार. भाग संपला म्हणून टाळी नाही. पहिल्या खेपेला मी एका दणक्यात संपलेल्या भागानंतर जोरात टाळ्या वाजवल्या, अख्ख्या हॉलमध्ये एकटाच. शेजारच्या काकूंनी फक्त भुवई उंचावली. 'न्यू वर्ल्ड' तर फसवीच, तिचा शेवटचा सूर हळूहळू विरत जातो. वादकांसमोर उभं राहून हातवारे करणाऱ्या संचालकाचे हात खाली येईपर्यंत आपले हात मांडीवर. शिवाय सुरुवातीला सगळे एक स्वर जुळवतात, ते तंबोरे लावण्यासारखं समजा. कार्यक्रम सुरू झाला म्हणून शेजाऱ्याला "श्शू" करू नका.

कपड्यांचं विशेष काही नाही, फक्त एसी कडक असतो, शाल ठेवा. खोकल्यासाठी खडीसाखर आणि लवंग सुती रुमालात बांधून न्या. गोळीचा चकचकीत कागद मंद सुरात असा काही वाजतो की आपल्यालाच लाज वाटते. फोन बंद करा, नुसता गप्प ठेवू नका. गजर तरी वाजतोच. उशीर मात्र करू नका, रचना सुरू असताना आत सोडत नाहीत. बॅगा सीएसएमटीच्या क्लोक रूममध्ये टाकून टॅक्सीने जा.

खाण्याचं वैनींनी ठरवलंय. जाताना भरीत आणि कळण्याची भाकरी, सकाळपर्यंत संपलंच पाहिजे. परतीसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी वेगळ्या डब्यात, तो डबा क्लोक रूममधल्या बॅगेतच. मध्यरात्री फलाटावर सहा जणांना पुरायला माणशी तीन दशम्या धरा, आबांसाठी चार.