मुंबई ते लंडन: विमानाचं अंतर आणि खरा लागणारा वेळ कसा काढायचा

पोरगं शिकायला किंवा नोकरीला लंडनला निघालं की घरात पहिला प्रश्न, किती लांब आहे आणि किती तास लागतात. हे घरबसल्या काढता येतं.

आधी अंतर. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवू नका, पृथ्वी गोल आहे त्यामुळे ते चुकतं. शाळेतला पृथ्वीगोल घ्या, मुंबई ते लंडन दोरा ताणून धरा, दोरा जिथून जातो तोच सगळ्यात जवळचा रस्ता, त्याला ग्रेट सर्कल म्हणतात. न्यूयॉर्कला दोरा लावलात तर तो चक्क वर आइसलँडच्या बाजूने जातो, मुलांना हे नक्की दाखवा. नेमका आकडा हवा असेल तर कुठल्याही ग्रेट सर्कल कॅल्क्युलेटरमध्ये विमानतळांचे कोड टाका, मुंबईचा बीओएम (BOM) आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळाचा एलएचआर (LHR). साधारण 7,200 किलोमीटर येतात, न्यूयॉर्क 12,500 च्या आसपास. आकडा नॉटिकल मैलात, म्हणजे सागरी मैलात आला तर किलोमीटरसाठी 1.852 ने गुणा, घरात कोणी जहाजावर असेल तर त्याला हे पाठच असणार.

आता वेळ. मोठं विमान वर गेल्यावर ताशी 900 किलोमीटरच्या आसपास जातं, म्हणजे 7,200 ला 8 तास, त्यात चढण्या-उतरण्याचा अर्धा-पाऊण तास धरा. पण तिकिटावर त्याहून जास्त दिसतं, कारण तिथे गेट ते गेट, म्हणजे विमान इथल्या जागेवरून हलल्यापासून तिथल्या जागेवर उभं राहीपर्यंतचा वेळ धरतात, शिवाय विमान सरळ दोऱ्यावरून जात नाही, एप्रिल 2025 पासून भारतीय कंपन्यांना पाकिस्तानवरून जाता येत नाही म्हणून वळसा पडतो, आणि वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो तो जाताना समोरून लागतो. येताना तोच वारा मागून, त्यामुळे परतीला बहुतेक वेळा कमी वेळ लागतो.

तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात हे विसरू नका. समजा दुपारी 2 ला निघून संध्याकाळी साडेसहाला पोचतंय असं लिहिलंय, तर ते साडेचार तास नाहीत, उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं ते मिळवा, झाले 9 तास. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेपाच मिळवायचे.

दुबईवरून गेलात तर अंतर फार वाढत नाही, 1,900 अधिक 5,500 म्हणजे जेमतेम दोनशे किलोमीटर जास्त, वेळ खातो तो मधला थांबा, त्यामुळे स्वस्त तिकीट दिसलं की आधी थांबा किती तासांचा ते बघा.

आणि आपल्याकडच्या माणसाने घरापासूनचा वेळ मोजलाच पाहिजे. रत्नागिरीहून मुंबईला रस्त्याने आठ तास सहज जातात, म्हणजे जवळपास लंडनच्या विमानाएवढेच, वर विमानतळावर 3 तास आधी पोचायचं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या हळू चालतात, दरडीची भीती असते, तेव्हा आदल्या दिवशीच मुंबईत जाऊन नातेवाईकांकडे राहा, उगाच जिवाला घोर नको.

परतीचं गणित तिकीट काढतानाच करा. उन्हाळ्यात लंडनहून रात्री 9 ला निघालात तर मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या आसपास उतरता, सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत दुपार होते, रत्नागिरीकडे जाणारी सकाळची मांडवी एक्सप्रेस गेलेली असते, त्यामुळे त्या दुसऱ्या दिवसाच्या तारखेचं रात्रीच्या कोकणकन्या एक्सप्रेसचं रिझर्वेशन आधीच करून ठेवा.