ऑ पेअर म्हणून जर्मनीले जाऊन राहिली? आधी परतीच्या तिकिटाचे पैसे बाजूला काढ

खेड्यातल्या बऱ्याच पोरी विचारतात, ताई, जर्मनीत एका फॅमिलीकडे राहायचं, त्यांची लेकरं सांभाळायची, खाणं-राहणं फुकट अन वरून पैसे, खरंच असते का असं? असते, त्यालेच ऑ पेअर म्हणतात. पण ती नोकरी नाही हे बाबाले पहिलेच नीट सांगून ठेव. काऊन का गावात "पोरगी जर्मनीत नोकरीले लागली" असं एकदा पसरलं की दर महिन्याले पैशाची वाट पाहणं सुरू होते, अन तिथं पगार नाही, पॉकेटमनी भेटतो. महिन्याले कमीत कमी 280 युरो, शिवाय जर्मन क्लाससाठी 70. काम आठवड्याले जास्तीत जास्त 30 तास, दिवसाले 6. स्वतःची खोली, आठवड्याले दीड दिवस सुट्टी, इन्शुरन्स फॅमिलीच्या खर्चानं. व्हिसाचा अर्ज करताना वय 18 ते 27 च्या आत पाहिजे, जर्मन ए1 (भाषेची सगळ्यात पहिली पायरी) झालेलं पाहिजे. एक वर्षाच्या वर राहता येत नाही अन दुसऱ्यांदा ऑ पेअर म्हणून जाताही येत नाही.

आता पैशाचं. तिकीट बहुतेक वेळा आपल्याच खिशातून. पासपोर्टचे 1500, व्हिसाची फी 75 युरो, ए1 ची परीक्षा, मुंबईच्या चकरा (विदर्भ एक्सप्रेसनं रात्री निघायचं, रिझर्व्हेशन आधी कर, नाहीतर जनरलच्या डब्यात उभ्यानं जाऊन व्हिसाच्या इंटरव्ह्यूत जर्मन काय आठवणार). हे सगळं कापूस-सोयाबीनच्या पैशातून निघत असेल तरच कर, सावकाराकडून उचलून अजिबात नाही, 280 युरोत तिथला मोबाईल अन फिरणं भागवून इकडचं व्याज निघत नाही. अन परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात टाक, जूनमध्ये बी-बियाण्यासाठी कोणी हात लावायचा नाही असं घरात आधीच ठरव. बाबा चिडतील, चिडू दे. ते पैसे असले नं, तर न पटणाऱ्या घरात मुकाट्यानं राहावं लागत नाही.

फसवणूक बहुतेक एकाच साच्यातली असते. लंडनची डॉक्टर फॅमिली, गोड ईमेल, जर्मनीच्या डबल पैसे, अन मग एक "वकील" म्हणते व्हिसासाठी अमुक रक्कम पाठव. यूकेत ऑ पेअरचा वेगळा व्हिसाच नाही, म्हणून तो ईमेल आला की डिलीट. नॉर्वेचं नाव घेणाराही असाच, त्यांनी 2024 मध्ये ही स्कीम बंद केली. अन जर्मनीत राहणारं आपलंच देशी जोडपं "ये आमच्याकडे" म्हणत असेल तर तेही जमत नाही. आई-वडिलांची मातृभाषा जर्मन नसेल तर त्यांच्याच देशातली ऑ पेअर चालत नाही.

फॅमिली खरी असली तरी माणसं कशी निघतील हे इथून दिसत नाही, म्हणून व्हिडिओ कॉल एकावर थांबवू नको. लेकरांसोबतही बोल. आधीच्या ऑ पेअरचा नंबर माग, द्यायला टाळाटाळ केली तर दुसरी फॅमिली पाहा. सरळ विचार, सकाळी किती वाजता उठायचं, झाडूपोछा सगळ्या घराचा की लेकरांच्या खोलीचाच, मी मटण-अंडं खात नाही तर चालेल का, जवळचं स्टेशन किती दूर. लाजू नको, तिकडं विचारणं उद्धटपणा धरत नाहीत. जे ठरलं ते करारात लिहून घे, "पाहू नंतर" हे उत्तर म्हणजे नाहीच समज.

पोहोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, फॅमिली विसरली तर तू आठवण दे, पुढचे सगळे कागद त्यावर अडतात. पासपोर्ट स्वतःजवळच ठेव, "आम्ही सांभाळतो" म्हटलं तरी.

नाही पटलं तर? करार दोन्हीकडून साधारण 14 दिवसांच्या नोटिशीवर तोडता येतो, म्हणजे फॅमिलीही तुले काढू शकते. दुसरी फॅमिली शोधता येते पण तिथल्या परदेशी लोकांच्या व्हिसाचं पाहणाऱ्या सरकारी ऑफिसले लगेच कळवावं लागते, लपून कुठं काम धरलं तर पुढचे सगळे दरवाजे बंद. मारहाण, अंगचटीला येणं असं काही झालं तर 14 दिवस मोजत बसू नको, पोलिस 110, अँब्युलन्स-फायर 112. बर्लिनमध्ये आपला दूतावास आहे, फ्रँकफर्ट, म्युनिक, हॅम्बर्गले कॉन्सुलेट, अन परदेशातल्या आपल्या लोकांसाठी सरकारचं मदद पोर्टल आहे, त्यावर तक्रार टाकता येते, त्याची लिंक भावाच्या मोबाईलमध्येही सेव्ह करून दे.

वर्षानंतर काय, हे जायच्या आधीच विचारात घे. नर्सिंगची आउसबिल्डुंग (काम करत शिकायचं ट्रेनिंग) करायची असेल तर जर्मन बी1 (ए1 च्या दोन पायऱ्या वर) वगैरे लागते, म्हणून क्लास बुडवायचा नाही, लेकरं आजारी असली तरी फॅमिलीले क्लासची वेळ मोकळी ठेवायला लाव. घरी फोनची वेळ ठरव, उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढे अन हिवाळ्यात साडेचार, म्हणजे तू रात्री आठला मोकळी झाली तोपर्यंत गावात आई झोपलेली असते, तर दुपारचाच टाइम धर.