स्वतःचा ईमेल सर्व्हर उभा करायचाय? आधी डीएनएस नीट करा

जालन्याचा बियाणे विक्रेता असो की उदगीरचा डाळमिलवाला, दुकानाच्या पाटीवर नाव स्वतःचं आणि खाली ईमेल जीमेलचा, हे मराठवाड्यात सर्रास दिसतं. स्वतःच्या डोमेनवरचा ईमेल विकत मिळतो, पण दर खात्याला दर महिन्याला पैसे. दोन-चार खाती असतील तर सरळ विकतच घ्या, या भानगडीत पडू नका. खाती पंधरा-वीस असतील आणि महिन्याकाठी थोडा वेळ देणारा माणूस हाताशी असेल, तर पुढे वाचा.

सॉफ्टवेअर टाकणं हा यातला सोपा भाग. आलेला मेल घेणंही अवघड नाही. अवघड आहे ते समोरच्या सर्व्हरला तुमचा मेल खरा वाटणं, आणि ते जवळजवळ सगळं डीएनएसच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या नाव-पत्त्यांच्या सार्वजनिक वहीच्या, नोंदींवर ठरतं.

सर्व्हर ऑफिसात ठेवू नका

पहिली शंका लाइटची येते. पण लाइट हे खरं कारण नाही. तुमचा सर्व्हर बंद असला तर पाठवणारा सर्व्हर मेल फेकून देत नाही, पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्स हे मेलची ने-आण करणारं सॉफ्टवेअर तर मूळ सेटिंगनुसार पाच दिवस. अडतं ते ब्रॉडबँडवर. घरगुती कनेक्शनचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आकडी पत्ता) बदलत राहतो, बऱ्याचदा तो अनेक ग्राहकांत मिळून वापरलेला असतो, आणि पोर्ट २५, म्हणजे एका सर्व्हरवरून दुसऱ्याकडे मेल जाण्याची वाट, बंद असतं. स्पॅमहाउससारख्या, स्पॅमवर नजर ठेवणाऱ्या संस्थांच्या याद्यांत असे पत्ते ‘इथून थेट मेल येऊ नये’ म्हणून आधीच नोंदवलेले असतात. म्हणून भाड्याचा व्हीपीएस (होस्टिंग कंपनीकडचा आभासी सर्व्हर) घ्या. पैसे भरण्याआधी कंपनीला दोन प्रश्न विचारा: बाहेर जाणारं पोर्ट २५ उघडून मिळेल का? पीटीआर नोंद (आयपीवरून नाव सांगणारी) मला बदलता येईल का? दोन्हींना ‘हो’ नसेल तर दुसरी कंपनी बघा. आयपी हातात आला की तो काळ्या यादीत नाही ना हे स्पॅमहाउसच्या साइटवर लगेच तपासा. आधीच्या भाडेकरूचे उपद्व्याप तुमच्या माथी नकोत.

नाव आणि पत्ता जुळवा

खालच्या नोंदी इथे देवनागरीत दिल्या आहेत. पॅनलमध्ये (कंपनीच्या साइटवरचं नोंदी भरायचं पान) त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत भरायच्या. समजा डोमेन आहे उदाहरण डॉट इन आणि आयपी २०३.०.११३.१०.

सर्व्हरला ‘मेल डॉट उदाहरण डॉट इन’ असं नाव द्या. त्याची ए नोंद या आयपीकडे न्या आणि त्या आयपीची पीटीआर नोंद याच नावाकडे परत आणा. ए नोंद नावावरून आकडा सांगते, पीटीआर आकड्यावरून नाव. आठ-अ मध्ये खातेदारावरून गट सापडतो आणि सातबाऱ्यावर गटावरून खातेदार, तसंच हे. दोन्ही कागद जुळले नाहीत तर व्यवहार अडतो. पीटीआर मात्र डोमेनच्या पॅनलमध्ये नसते, व्हीपीएसच्या पॅनलमध्ये असते, आणि तिथेच ती बहुतेकांची राहून जाते. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा लांब आयपी पत्ता) चालू ठेवणार असाल तर त्याचीही पीटीआर हवी, नाहीतर जीमेल मेल नाकारतं. खटपट नको असेल तर सुरुवातीला मेल फक्त आयपीव्ही४ वरून पाठवा.

एमएक्स नोंद (डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायचा ते सांगणारी) मूळ डोमेनवर टाका, प्राधान्य १०, आणि तिच्यात आयपी न लिहिता सर्व्हरचं नाव लिहा. ते नाव सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारं टोपणनाव) असता कामा नये. डीएनएससाठी क्लाउडफ्लेअरची सेवा वापरत असाल तर मेलच्या ए नोंदीपुढचा नारिंगी ढग राखाडी करा. त्या ढगातून वेबसाइट जाते, मेल जात नाही.

सॉफ्टवेअर

नवख्यांसाठी मेल-इन-अ-बॉक्स किंवा मेलकाउ हे तयार संच. पहिलं कमी रॅमवर चालतं आणि डीएनएसही स्वतः सांभाळू शकतं. मेलकाउला निदान सहा जीबी रॅम लागते. दोन्हींच्या पोटात पोस्टफिक्स आणि (पेटीतला मेल वाचायला देणारं) डोव्हकॉटच आहेत. फायरवॉलमध्ये २५, ४६५, ५८७, ९९३ उघडी ठेवा आणि वेबसाठी ८० व ४४३. लेट्स एन्क्रिप्टचं, कनेक्शन सुरक्षित करणारं मोफत प्रमाणपत्र आपोआप नव्याने निघतंय याची खात्री करा.

सही, परवानगी आणि धोरण

या तिन्ही टीएक्सटी, म्हणजे मजकुराच्या, नोंदी आहेत.

एसपीएफ: ‘व्ही=एसपीएफ१ एमएक्स -ऑल’. म्हणजे या डोमेनचा मेल एमएक्समधल्या सर्व्हरवरूनच येईल. डोमेनवर एसपीएफची एकच नोंद असावी; दोन झाल्या की तपासणी चुकीचीच ठरते. वेबसाइटचा चौकशी फॉर्म किंवा बिलिंगचं सॉफ्टवेअर दुसऱ्या सर्व्हरवरून मेल पाठवत असेल तर त्यालाही याच ओळीत घ्या, पण ही ओळ तपासताना होणाऱ्या डीएनएस चौकशा दहाच्या वर जाऊ देऊ नका.

डीकिम: सर्व्हर प्रत्येक मेलवर सही करतो, तिची सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये राहते. २०४८ बिटची किल्ली घ्या. ती २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही. काही पॅनल आपोआप तोडतात, काहींत अवतरणचिन्हांत दोन तुकडे करून द्यावे लागतात. किल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून तिथून उचलू नका, मध्येच ओळ तुटली की शोधत बसाल.

डीमार्क: या दोन्ही तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारं धोरण. सुरुवात ‘पी=नन’ने (काहीच करू नका) करा आणि अहवाल कुठल्या पत्त्यावर हवेत ते ‘आरयूए’मध्ये द्या. काही आठवडे अहवाल बघा. तुमच्या नावाने नक्की कोण कोण मेल पाठवतंय ते तिथे कळतं, आणि विसरलेलं एखादं सॉफ्टवेअर हमखास निघतं. मग ‘क्वारंटाइन’ (स्पॅममध्ये टाका), शेवटी ‘रिजेक्ट’ (नाकारा). फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला रोज ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी सक्तीच्या आहेत. तुमचे रोज पन्नासच जात असले तरी तिन्ही करा.

चाचणी

स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा, ‘शो ओरिजिनल’ उघडा. एसपीएफ, डीकिम, डीमार्क तिन्हींपुढे ‘पास’ हवं. मेल-टेस्टर ही साइट दहापैकी गुण देते आणि काय राहिलं तेही सांगते. नोंदी बदलून लगेच फरक दिसला नाही तर टीटीएल (जुनी नोंद इतर सर्व्हर लक्षात ठेवतात ती मुदत) संपेपर्यंत थांबा. घाईने पुन्हा पुन्हा बदलत गेलात तर गोंधळ वाढतो.

नव्या आयपीवरून पहिल्याच आठवड्यात दोन हजार ग्राहकांना खरिपाचं दरपत्रक धाडू नका. आधी रोजचा पत्रव्यवहार चालू द्या, आकडा हळूहळू वाढवा. मेलबॉक्सची बॅकअप दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर रोज जाऊ द्या आणि एखादा मेल त्यातून परत काढून बघा.

शेवटचं एक काम: डोमेन आणि व्हीपीएस यांच्या खात्यांना नोंदवलेला ईमेल याच डोमेनवरचा ठेवू नका. सर्व्हर पडला आणि पासवर्ड विसरला, तर बदलण्याची लिंक त्याच बंद पेटीत जाऊन पडेल.