मस्क्युलर डिस्ट्रॉफीत फ्लॅव्होनॉइड सप्लिमेंट सुरू करण्यापूर्वी

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी (जनुकातील दोषामुळे स्नायू झिजत जाण्याचा आजार) असलेल्या मुलाला क्वेर्सेटिन किंवा ग्रीन टीचा अर्क अशी फ्लॅव्होनॉइडची (वनस्पतींतील नैसर्गिक संयुगांची) गोळी द्यावी का, असा विचार मनात आला, तर आधी हे पाहावे की त्या गोळीचा फायदा कोणात दिसला आहे. क्वेर्सेटिन आणि ग्रीन टीतील ईजीसीजी यांविषयीचे बहुतेक आशादायक निष्कर्ष ‘एमडीएक्स’ जातीच्या उंदरांतले आहेत. या मुलांप्रमाणेच त्यांच्या स्नायूंतही डिस्ट्रोफिन हे प्रथिन नसते, परंतु त्यांचा आजार मुलांपेक्षा पुष्कळ सौम्य असतो. कोकोतील एपिकॅटेचिन या फ्लॅव्होनॉइडची चाचणी बेकर या तुलनेने सौम्य प्रकारच्या डिस्ट्रॉफीच्या रुग्णांवर झाली आहे. तीत केवळ 7 प्रौढ होते, कालावधी 8 आठवड्यांचा होता आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. अशा चाचणीवरून पुढील संशोधनाची दिशा ठरते, मुलाचा डोस ठरत नाही. हे पदार्थ दाह काही प्रमाणात कमी करू शकतील, पण जनुकातील दोष दुरुस्त करत नाहीत.

यकृताची काळजी मात्र नीट समजून घ्यावी, कारण धोका इथेच नजरेआड राहतो. यकृताच्या तपासणीत मोजली जाणारी एएलटी आणि एएसटी ही एन्झाइम्स स्नायूंतही असल्यामुळे या मुलांच्या रिपोर्टमध्ये ती मुळातच वाढलेली असतात, आणि अर्कामुळे यकृताला इजा झाली तरी ती त्या आकड्यांत झाकली जाते. दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक ईजीसीजी असलेल्या सप्लिमेंटमुळे निरोगी प्रौढांतही ही एन्झाइम्स वाढू शकतात, असे युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये नमूद केले आहे. म्हणून स्नायूंच्या झिजेमुळे न वाढणारी जीजीटी आणि बिलिरुबिन या यकृताच्या तपासण्या गोळी सुरू करण्यापूर्वी आणि नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा करून घ्याव्यात. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर गोळी लगेच थांबवून डॉक्टरांना गाठावे.

डब्याच्या लेबलचा फोटो न्यूरॉलॉजिस्टना दाखवावा. मूल डेफ्लाझाकॉर्ट हे स्टेरॉइड घेत असेल तर हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण त्याचा निचरा करणाऱ्या एन्झाइमला अडवणारे पदार्थ रक्तातील औषधाचे प्रमाण वाढवू शकतात. ग्रेपफ्रूटचा रस त्यांपैकीच एक आहे. स्टेरॉइड स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये, कारण ते अचानक थांबवणे जिवावर बेतू शकते.

डॉक्टरांनी होकार दिल्यास एका वेळी एकच सप्लिमेंट सुरू करावे आणि जमिनीवरून उठून उभे राहण्यास व 10 मीटर चालण्यास लागणारा वेळ ठरावीक अंतराने नोंदवावा. मूल सहा-सात वर्षांहून लहान असेल, तर वाढीमुळे आणि स्टेरॉइडमुळेही हे आकडे सुधारतात. त्याचे श्रेय गोळीला देण्याआधी त्या नोंदी डॉक्टरांसोबत तपासून घ्याव्यात.